लख्ख टोप आणि कुलाबीन

रोहन, मृणाल,

तुमच्या तिकडच्या मराठी मंडळाच्या संपादकबाईंनी फोन करून मला दिवाळी अंकासाठी लिहायला सांगितलं. म्हणाल्या, "आजी, तुमचा सगळा प्रवास येऊ द्या. जन्म, शिक्षण, नोकरी, पुरस्कार." जन्म झाला, शिक्षण झालं, नोकरी केली, पुरस्कार मिळाला नाही. झाला प्रवास. उरलेल्या पानांत मी तुम्हाला कोकमाच्या साराची गोष्ट सांगते. तुमची आई वाचून दाखवेल. मध्येच तिचा आवाज चढला तर समजा की तिला स्वतःचं ऑफिस आठवलं.

तुमचे आजोबा मुरूडला मास्तर होते. मी मुंबईच्या कॉलेजात इंग्रजीतून रसायनशास्त्र शिकले होते, आणि त्या ज्ञानाचा उपयोग डाळ किती वेळात शिजते हे पाहण्यापुरता होत होता. तेव्हा आपला जिल्हा कुलाबा होता, रायगड हे नाव पुष्कळ नंतरचं. संस्थान विलीन झालं, खाडीच्या तोंडावरचा एक बंगला रिकामा पडला, आणि सरकारने त्यात संशोधन केंद्र काढलं. तिथे मला नोकरी लागली. केंद्राचं पूर्ण नाव एका दमात म्हणता येत नसे. त्यात वनस्पती होती, रसायन होतं, किनारपट्टी होती आणि 'उपयुक्त' हा शब्द दोनदा होता. गावातले लोक त्याला 'काढ्याचा बंगला' म्हणत, आणि माझ्या मते तेच नाव बरोबर होतं.

काम दोन प्रकारचं. पहिलं, झाडपाल्यात काय दडलंय ते शोधायचं. पानं, साली, बिया वाटायच्या, स्पिरिटमध्ये भिजत घालायच्या, गाळायच्या, आटवायच्या. शेवटी तळाशी चिकट, काळपट गोळा उरतो. त्या गोळ्याचं काय करायचं हे कळत नसेल तर त्यावर निबंध लिहायचा. दुसरं काम आमच्यावर येऊन पडलेलं होतं. आसपास दुसरी प्रयोगशाळा नव्हती, त्यामुळे खाण्यात काही भेसळ झाली, कोणाला बाधलं, की नमुना आमच्याकडे यायचा.

नमुने घेऊन येणारेही नमुनेच. एक दूधवाला आला आणि सरळ म्हणाला, "बाई, पानी किती घातला तर तुमच्या नळीत दिसत न्हाय, तवढाच सांगा." एका गृहस्थांनी सासूबाईंनी पाठवलेले लाडू आणले. त्यांत काही निघालं नाही तेव्हा ते इतके खट्टू झाले की मला त्यांच्या सासूची काळजी वाटू लागली. दारूबंदीचे दिवस होते. एकजण धोतराच्या सोग्यात बाटली लपवून आला. "ही पिण्याजोगी हाय का बघा." बाटली अर्धी रिकामी होती. मी म्हटलं, "अर्धी कुठे गेली?" तर म्हणाला, "ती मी बघितली ना आधी." प्रयोगाची ही पद्धत चुकीची असते, असं मी त्याला सांगितलं. पुढे मात्र आमच्या केंद्रातही त्याहून बरी पद्धत मला क्वचितच दिसली.

केंद्राचे डायरेक्टर साहेब विलायतेहून डॉक्टर होऊन आलेले. नाव लिहीत नाही, त्यांचे नातू तुमच्याच मंडळाचे सभासद निघायचे. साहेब वाईट माणूस नव्हते. फक्त त्यांना विष हवं होतं. विलायतेत त्यांच्या गुरूंनी कुठल्याशा झुडपातून नवं विष शोधलं होतं आणि त्यांचं नाव पुस्तकात छापून आलं होतं. तेव्हापासून साहेबांची खात्री होती की कोकणातल्या एखाद्या झाडात आपल्याही वाटणीचं विष देवाने राखून ठेवलं असणार. मला मात्र त्यांनी बाटल्यांना लेबलं लावायचं काम दिलं. "बायकांना मांडामांड छान जमते," म्हणाले. जमते खरी. माझ्या लेबलांवर नमुना कुठून आला, कोणी दिला, कशात ठेवला होता, हे सगळं असे. शेवटची गोष्ट साहेबांना फालतू वाटायची. "कशात ठेवला याला काय महत्त्व? आपण आतलं तपासतो, बाई."

आता गोष्ट.

खाडीपलीकडे, दिघीच्या बाजूला, एक गाव होतं. नाव सांगत नाही, त्यांचेही नातू शिकलेले आहेत. समुद्राचं खारं पाणी भातशेतीत शिरू नये म्हणून तिथे बांध घातला होता, आणि त्याच्या उद्घाटनाला मुंबईहून एक बडे पुढारी येणार होते. आमचं केंद्र ज्या खात्याच्या हाताखाली होतं, त्या खात्यावरच त्यांचा हात होता. मे महिना, नव्या कोकमाचे दिवस. गावजेवण ठरलं. घरटी काही ना काही द्यायचं, अशी रीत. कोणी तांदूळ दिले, कोणी काळे वाटाणे, नारळ. भागीरथी नावाच्या बाईने साराला कोकम दिलं.

भागीरथीचा नवरा मुंबईला गिरणीत होता. घराभोवती तिची कोकमाची चार झाडं. फळं फोडायची, सालं वेगळी करायची, मीठ घातलेल्या त्यांच्याच रसात बुडवायची, उन्हात घालायची, परत बुडवायची, परत घालायची. असं केलेलं तिचं आमसूल काळंभोर, मऊ, हाताला चिकटणारं असे. दिघीच्या बंदरावरचा वखारवाला शेठ ते उचलून मुंबईला धाडायचा. त्यावर तिच्या घरात पावसाळ्याचे तांदूळ भरले जात. हे लक्षात ठेवा, कारण या गोष्टीत पणाला लागला होता तो पुढाऱ्यांचा किंवा साहेबांचा मान नव्हे, तर हे तांदूळ.

उद्घाटनाच्या दिवशी जेवण सकाळीच शिजून तयार होतं. पुढाऱ्यांची लाँच मात्र ओहोटीला खाडीच्या गाळात रुतली. ओहोटीची वेळ पंचांगात असते, दौऱ्याच्या कार्यक्रमात नसते. पाहुण्यांच्या आधी जेवायचं नाही म्हणून गाव ताटकळत बसलं, आणि सारही. भरती आली, लाँच सुटली, पाहुणे दिवस कलता कलता पोचले. ते शहाळ्याचं पाणी प्यायले, पोट नाजूक असल्याचं म्हणाले आणि थेट भाषणाला उभे राहिले. लोक पंगतीत बसले, आणि भुकेल्या पोटी सगळ्यांनी आधी वाट्या भरभरून सार ओढलं.

पुढारी स्वावलंबनावर आले तोवर पहिली पंगत उलट्या करू लागली. एकेक माणूस उठून बांधाकडे धावत होता. पुढाऱ्यांना वाटलं लोक बांध पाहायला उत्सुक आहेत. असं म्हणतात, म्हणजे तुमचे आजोबा म्हणत. मी तिथे नव्हते. नशिबाने कोणी दगावलं नाही. दोन म्हातारे आणि काही पोरं आठवडाभर अंथरुणाला खिळली. ज्यांनी सार घेतलं नव्हतं ते सगळे ठणठणीत.

म्हणजे सारात काहीतरी होतं, इथवर गाव बरोबर पोचलं. सारात काय असतं? कोकम. कोकम कोणाचं? भागीरथीचं. गावकीची, म्हणजे गावच्या कारभारी पुरुषांची, सभा बसली आणि तिला वाळीत टाकण्यात आलं.

वाळीत टाकणं म्हणजे काय हे तुम्हाला ठाऊक असायचं कारण नाही. मारत नाहीत, शिव्या देत नाहीत. बोलतच नाहीत. विहिरीवर तुमची पाळी येत नाही. गावाच्या वेशीला मिठागरं पसरलेली असतात आणि दुकानात तुमच्यापुरतं मीठ संपलेलं असतं. बोलावणं तुमच्या शेजारच्या दारावरून मागे फिरतं. घरात मयत झालं तर खांद्याला माणूस मिळत नाही. फार शिस्तीचं काम. आमच्या केंद्रात इतकी शिस्त कधी नव्हती.

सार आमच्याकडे आलं ते बाटलीत, सोबत भागीरथीचं थोडं कोकम. साहेबांनी बाटली उजेडात धरली आणि त्यांचा चेहरा नव्या नवरीसारखा खुलला.

"बाई, हे विष आहे."

"तपासल्यावर कळेल, सर."

"कळायचं काय? वनस्पतीजन्य आहे. मला वास येतोय."

त्यांनी बाटलीतलं निम्मं सार आटवून पांढऱ्या उंदरांना पाजलं. उंदीर मलूल झाले. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत कोणीही मलूल होतं. शेजारच्या पिंजऱ्यात नुसत्या पाण्यावर काही उंदीर ठेवून पाहावं, असं मी सुचवलं. साहेब म्हणाले, "निरोगी उंदरांवर सरकारचा पैसा का घालवायचा?" संध्याकाळपर्यंत विषाचं बारसंही झालं. आपल्या जिल्ह्याच्या नावावरून कुलाबीन. विष अजून सापडायचं होतं, पण मूल होण्याआधी नाव ठरवून ठेवणारे असतातच.

मी सोबत आलेल्यातलं थोडं कोकम काचेच्या भांड्यात उकळलं आणि ते पाणी साहेबांसमोर प्यायले. मला काही झालं नाही. साहेब विचारात पडले आणि म्हणाले, "याचा अर्थ कुलाबीन मोठ्या प्रमाणावर शिजवल्याशिवाय तयार होत नाही."

माझ्या लेबलावर 'कशात ठेवला' ही जागा रिकामी होती. रिकामी जागा मला सहन होत नाही, हे तुम्हाला माझ्या मसाल्याच्या डब्यांवरून ठाऊक आहे. मी सुटी टाकली, आगरदांड्याहून होडीने पलीकडे गेले आणि त्या गावी पोचले.

गावाबाहेरच्या झऱ्यावर एक बाई हंडा भरत होती. विहीर जवळ असताना ती इतक्या लांब आली होती, म्हणून ती कोण हे विचारावं लागलं नाही.

"काढ्याच्या बंगल्यातल्या बाय तुमी?" भागीरथी म्हणाली. "माझ्याशी बोलू नका. तुमालाबी टाकतील."

"मला टाकून कुठे टाकतील? मी पलीकडची."

"मंग बोला. चार दिस झाले, बोलाया म्हस सोडून कोनी न्हाय. तीबी आता तोंड फिरवते." मग हंडा खाली ठेवून म्हणाली, "मी ईख घालीन का हो? माझीच दोन पोरं त्या पंगतीत व्हती. तीबी ओकली. हा कोनाच्या ध्यानात येत न्हाय?"

"सार कोणी केलं?"

"गड्यांनी. गावकीची भांडी देवाची, बायकांनी हात लावायचा न्हाय. आमी कोकम द्यायचा, तांदूल द्यायचा आणि लांबून बघायचा."

मी देवळात गेले. गावकीचा म्होरक्या धोंडूअण्णा तिथे सुपारी कातरत बसला होता. सरकारी बाई आल्याने त्याने पान पुढे केलं. मी म्हटलं, भांडी पाहायची आहेत. त्याने मोठ्या अभिमानाने खोली उघडली.

आत तांब्याचा टोप होता. एवढा मोठा की घासायला माणसाला आत उतरावं लागे. मी आत डोकावले आणि माझं मलाच तोंड दिसलं. आतून बाहेरून लालबुंद, आरशासारखं लख्ख तांबं.

तुमच्याकडे तांब्याची भांडी भिंतीवर टांगतात, म्हणून सांगते. तांब्यात आंबट शिजवायचं तर त्याला आतून कल्हई असावी लागते. कल्हई म्हणजे कथलाचा पातळ थर, दिसायला पांढुरका. तो तांबं आणि अन्न यांच्यामध्ये उभा असतो. तो नसला तर आंबट पदार्थ तांबं खातो, आणि मग आपण तो पदार्थ खातो. जितका जास्त वेळ ठेवाल तितकं तांबं जास्त. कोकमाइतकं आंबट दुसरं काय असणार? आणि ओहोटीइतका वेळ कोण देणार?

केंद्रात परतल्यावर मी उरलेलं सार आणि कोकम नीट तपासलं. सार चिनी मातीच्या वाटीत जाळून त्याची राख करायची, राख ॲसिडात विरघळवायची आणि त्यात अमोनियाचे थेंब सोडायचे. तांबं असेल तर पाणी गर्द निळं होतं. पंगतीतलं सार निळं झालं. भागीरथीच्या कोकमाचं, काचेत उकळलेलं, जसंच्या तसं राहिलं. मी दोन्ही नळ्या साहेबांच्या टेबलावर ठेवल्या.

"सुंदर रंग आहे," साहेब म्हणाले.

"तांबं आहे, सर. टोपाला कल्हई नव्हती आणि सार दिवसभर त्यात राहिलं."

"दिवसभर का राहिलं?"

"पाहुणे उशिरा आले म्हणून."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "बाई, पाहुणे कोण होते ते तुम्हाला ठाऊक आहे ना? म्हणजे तुम्ही असं लिहिणार की त्यांच्या उशिरामुळे गावाला विषबाधा झाली?"

"मी ओहोटीमुळे लिहीन."

"ओहोटी आपल्या विभागाचा विषय नाही," साहेब म्हणाले, आणि उंदरांकडे निघून गेले.

मला वाटलं, निदान गावाला तरी सांगावं. पुढच्या सभेला मी नळ्या घेऊन हजर झाले. गावकीच्या सभेत बायकांना बसता येत नाही. पण सरकारी नोकरीत असल्यामुळे मी त्या दिवसापुरती बाई नव्हते. भागीरथी देवळाबाहेर, चिंचेखाली उभी होती.

तुमचा देवाचा टोप दोषी आहे, असं सरळ सांगितलं असतं तर माझी रवानगी आल्या होडीने झाली असती. म्हणून मी आधी टोपाची तारीफ केली. "अण्णा, इतका लखलखीत टोप मी जन्मात पाहिला नाही. कोणी घासला हो?"

मग काय विचारता!

"मी," एकजण म्हणाला. "आत उतरून घासला. चिच लावली."

"तू नुसता चिच लावलीस. वालू कोनी घासली? मी!"

"आनि काथ्यानं दोनदा रगडला तो कोन? तुजा बापूस?"

"अरे, गप बसा सगले," धोंडूअण्णा उठून उभा राहिला. "हुकूम कोनाचा व्हता? आदी टोप आतून कसा दिसायचा, नायटा झाल्यासारखा! कुठं पांढरा, कुठं तांबडा. कल्हईवाला या साली फिरकला न्हाय. मी म्हटला, मुंबईचा पावना फोटोवाला घेऊन येनार, गावची अब्रू जाईल. तो पांढरा डाग एक ऱ्हाता कामा नये. लाल दिसला पायजे. तवा घासला यांनी!"

"सगळा पांढरा भाग काढलात?"

"नखाएवढा ठेवला न्हाय!"

बाहेर चिंचेखालून एक आवाज आला. "अगो बाय! कल्हई खरवडलीन मेल्यांनी!" तो भागीरथीचा नव्हता. तिच्या मागे, तिच्याशी न बोलणाऱ्या सगळ्या बायका येऊन उभ्या होत्या.

मी दोन ताज्या नळ्या काढल्या, एक पंगतीतल्या साराच्या राखेची आणि दुसरी भागीरथीच्या कोकमाच्या. दोन्हींत सर्वांसमोर अमोनियाचे थेंब सोडले. पहिली निळी झाली. कोणीतरी लगेच म्हणालं, "बाईंनी नीळ टाकली." मी बाटली त्याच्याच हातात दिली. "दुसऱ्या नळीत तूच टाक आणखी. नीळ असेल तर तीही निळी होईल." त्याने अर्धी बाटली ओतली. दुसरी नळी ढिम्म. देवळात नाकं झोंबण्यापलीकडे काही झालं नाही. मग मी तांबं, आंबट आणि ओहोटी यांचा हिशोब सांगितला.

सभा अडचणीत आली. चूक कबूल करायची तर घासणारे दोषी, हुकूम देणारे अण्णा दोषी, सगळी गावकीच दोषी. आणि गावकीने गावकीला वाळीत टाकलं तर कोणी कोणाशी बोलायचं नाही? त्यात टोप देवाचा. शेवटी धोंडूअण्णाने घसा साफ केला.

"टोप आपला हाय. पन त्यानं गावाला बादवला. तवा टोपाला वाळीत टाकलाय. कल्हई होईस्तवर त्याला कोनी हात लावायचा न्हाय, कोनाच्या लग्नाला न्यायचा न्हाय. दिसला तर बगायचा न्हाय."

"आणि भागीरथी?" मी विचारलं.

"तिचा काय? गुन्हेगार घावला ना. बोला तिच्याशी."

तुम्ही हसाल. मीही होडीत बसल्यावर हसले. पण नंतर लक्षात आलं की गावकीने पुरावा पाहिला, निकाल फिरवला आणि तो त्याच बैठकीत सगळ्यांसमोर बोलून दाखवला. टोपावर थोडा अन्याय झाला, इतकंच. पावसानंतर कल्हईवाला आला, टोप आतून पांढराशुभ्र झाला. नारळ फोडून त्याला गावात परत घेतलं.

शास्त्राचं काम इतक्या लवकर होत नाही. सभेनंतर पंधरवडाभरात खात्याच्या त्रैमासिकात साहेबांचा निबंध आला. त्या गावच्या कोकमात कुलाबीन नामक विषारी द्रव्य असण्याची दाट शक्यता असून अधिक संशोधनासाठी अधिक निधीची गरज आहे. निधीची गरज मात्र शक्यता नव्हती. तांब्याचा उल्लेख नव्हता. उशिराचा तर नव्हताच. शेवटी माझे आभार होते, काचेची भांडी स्वच्छ ठेवल्याबद्दल. मी त्रैमासिकाला खुलासा पाठवला. तो अभिप्रायासाठी साहेबांकडेच आला आणि त्यांनी अभिप्राय दिला की अक्षर सुवाच्य आहे.

निबंध कोणी वाचत नाही, असा माझा समज होता. दिघीच्या वखारवाल्या शेठने वाचला. म्हणजे कोणीतरी वाचून सांगितला. भागीरथी आमसुलाच्या करंड्या घेऊन गेली तेव्हा त्याने आमसूल हातात घेतलं, चाखलं, मान डोलावली आणि करंड्या परत केल्या. "बेन, माल तर एकदम सरस. पण सरकारी कागदमां तुमच्या गावाचं नाव आवी गया ने! मुंबईवाला घेणार नाय."

ती मला भेटायला बंगल्यावर आली. करंडी खाली ठेवली, पदराने वारा घेतला.

"बाय, टोप वाळीत गेला, मी सुटली. आता ही कनची गावकी?"

"ही शास्त्रज्ञांची."

"हिचा धोंडूअण्णा कोन?"

मी साहेबांच्या खोलीकडे बोट दाखवलं.

"मंग सबा लावा की. निळा दाखवा त्यालाबी."

"दाखवला. त्याला रंग आवडला."

तिने त्या दाराकडे पाहिलं. "आमचा अण्णा मूर्ख हाय," म्हणाली. "पन त्याला चार मानसांत बसावा लागते. ह्याला न्हाय लागत, न्हाय?"

तिचं आमसूल थोडं मी घेतलं, थोडं मुरूडच्या ओळखीच्या घरी खपवलं. त्या पावसाळ्यात तिच्या घरी तांदूळ पुरले नाहीत. वरी आणि रानातले करांद्याचे कंद खाऊन दिवस काढले, असं तिनेच नंतर सांगितलं. सरकारी दप्तरात त्याची कुठे नोंद नाही, कारण भूक हाही आमच्या विभागाचा विषय नव्हता.

पुढच्या उन्हाळ्यात निधी आला. विषारी कोकमाशी तुलना करायला साहेबांना निर्विष कोकम हवं होतं. पांढऱ्या उंदरांच्या बाबतीत मी जे सुचवलं होतं, ते आता त्यांना आपलं आपण सुचलं. दिवेआगरच्या वाड्या नामांकित, तेव्हा तिथलं कोकम आणायचं ठरलं. साहेब स्वतः गेले, बाजारातून निवडून करंडीभर आमसूल घेऊन आले. मला लेबल लावायला सांगितलं. मी करंडीत हात घातला. काळंभोर, मऊ, हाताला चिकटणारं. असं आमसूल करणारा हात मला ठाऊक होता. तरी खात्री करायला विचारलं, "सर, कोणाकडून घेतलं?"

"कोण ती बाई होती. माहेर तिथलंच म्हणाली. फार स्वच्छ माल. बाई, फरक नुसत्या डोळ्यांना दिसतो."

मी लेबलावर लिहिलं: 'दिवेआगर बाजार. विक्रेती स्त्री. वेताची करंडी.' त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. साहेबांनी करंडीभर कोकम उकळलं, आटवलं, उंदरांना पाजलं. खोलीवर तोवर कौलं चढली होती, उंदीर तुरुतुरु धावत होते. दुसरा निबंध छापून आला. दिवेआगरचं कोकम कुलाबीनपासून संपूर्ण मुक्त असून आहारास सर्वोत्तम. आपल्या घरीही तेच लागतं, असं साहेब पाहुण्यांना सांगू लागले.

काही दिवसांनी दिघीच्या धक्क्यावर मला भागीरथी दिसली. शेठचा माणूस तिच्या करंड्या मचव्यात चढवत होता. एक, मग दुसरी, मग आणखी. मी जवळ जाऊन आमसूल उचललं, वास घेतला.

"कुठलं ग हे?" मी विचारलं.

तिने शेठच्या माणसाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पदर खांद्यावर नीट घेतला.

"दिवेआगरचा, बाय," भागीरथी म्हणाली. "सायबांनी उंदरांना पाजून पास केलेला."